चीनला फायटर जेटचं इंजिन बनवायला एवढी वर्षं का लागली?

तू विचारलंस की चीन मोबाईल बनवतो, बुलेट ट्रेन बनवतो, स्वतःचं अंतराळस्थानक वर ठेवलंय, मग लढाऊ विमानाचं इंजिन मात्र इतकी वर्षं रशियाकडून का घेत बसला? समोर रशियन इंजिन होतंच की, उघडायचं, मोजमापं घ्यायची आणि तसंच्या तसं बनवायचं. आणि शेवटी असंही लिहिलंयस की तू मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहेस आणि पुढे याच क्षेत्रात यायचं डोक्यात आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी माझ्याबद्दल एवढंच, की माझी सव्वीस वर्षं टर्बाइन ब्लेड ओतण्यात गेली. इंजिन डिझाइन नाही, ओतकाम. व्हॅक्यूम भट्टी, सिरॅमिकचे साचे, निकेलचे सुपरअलॉय, म्हणजे प्रचंड उष्णता सोसणारे मिश्रधातू. बहुतेक काम वीजनिर्मितीच्या गॅस टर्बाइनचं, विमानाच्या इंजिनाचं थोडं, पण धातू त्याच जातीचा आणि डोकेदुखी पण तीच. त्यामुळे चीनचं इंजिन म्हटलं की लोक थ्रस्ट, म्हणजे इंजिनाचा रेटा, किती ते बघतात, मी भट्टीकडे बघतो.

थोडक्यात उत्तर हवं असेल तर असं आहे, की मोजमापं घेऊन तुला आकार मिळतो. तो आकार कुठल्या तापमानाला, किती सावकाश, कुठल्या क्रमाने तयार झाला ते तयार वस्तूत लिहिलेलं नसतं. ते हात बसून येतं. आणि चिनी लोकांचा हात बसत आला की दरवेळी मध्येच काहीतरी होऊन काम तुटलं, निदान पहिली तीस-पस्तीस वर्षं तरी.

आता सविस्तर. इंजिनात पुढून हवा येते, कॉम्प्रेसर ती दाबतो, मधल्या ज्वलनकक्षात इंधन जळतं आणि तिथून सुटलेला वायू टर्बाइनच्या पहिल्या टप्प्यातल्या ब्लेडवर जातो. आजच्या फायटर इंजिनात तो वायू १६०० ते १७०० अंश सेल्सिअसच्या घरात असतो. आणि ब्लेड ज्या निकेलच्या मिश्रधातूचं असतं तो वितळायला लागतो साधारण १३०० ते १४०० अंशाला. म्हणजे ब्लेड स्वतःच्या वितळबिंदूपेक्षा तापलेल्या वायूत उभं असतं, आणि नुसतं उभं नाही, फिरत असतं. एक हिशोब करून बघ, २०० ग्रॅमचं ब्लेड धर, चाकाच्या मध्यापासून ३० सेंटीमीटरवर, मिनिटाला १३,००० फेरे. केंद्रापासून बाहेर ओढणारं बल काढ. ११ टनांच्या आसपास येतं. तळहातावर मावणाऱ्या लालबुंद तुकड्याला एक भरलेला ट्रक टांगल्यासारखं आहे ते, आणि हे शेकडो तास सहन करायचं, वरून वैमानिक थ्रॉटल पुढे-मागे करणार तसा दर मिनिटाला गरम-थंड होणार ते वेगळंच.

ते टिकतं कसं, तर ब्लेड आतून पोकळ असतं, त्यात नागमोडी बोळ असतात, कॉम्प्रेसरमधून चोरलेली हवा त्या बोळांतून फिरते आणि ब्लेडच्या अंगावरच्या बारीक बारीक भोकांतून बाहेर पडून अंगाभोवती थंड हवेचं पांघरूण घालते, आणि थंड म्हणजे काय, तीच पाचशे-सहाशे अंशाची असते. वर सिरॅमिकचा पातळ थर. आणि सगळ्यात महत्त्वाचं, अख्खं ब्लेड एकाच स्फटिकाचं असतं.

शाळेत मोरचुदाचा स्फटिक केला असशील, दोऱ्याला बारका खडा बांधून ग्लासात सोडायचा आणि आठवडाभर ग्लास हलवायचा नाही. हलवला की एका मोठ्या खड्याऐवजी चार बारके होतात. तसंच आहे, फक्त इथे ग्लासाच्या जागी दीड हजार अंशाची भट्टी आणि पाण्याच्या जागी वितळलेलं निकेल, ज्यात क्रोमियम, कोबाल्ट, टंगस्टन, टँटलम, ॲल्युमिनियम आणि रेनियम मिसळलेलं. साध्या ओतकामात धातू गोठताना असंख्य ग्रेन, म्हणजे बारके बारके स्फटिक, तयार होतात आणि दोन ग्रेनमधली जी सीमा असते तिथूनच तापलेला धातू ओढाखाली हळूहळू लांबतो, यालाच क्रीप म्हणतात. ब्लेडचं टोक आणि बाहेरची केसिंग यात फट असते मिलिमीटरच्या आतबाहेर, त्यामुळे ब्लेड थोडंसं जरी लांबलं तरी घासलं. सीमाच नको म्हणून एकच ग्रेन.

आता हे करायचं कसं ते ऐक. आधी मेणाचं ब्लेड, त्याच्या पोटात सिरॅमिकचा कोअर, कारण तीच आतल्या बोळांची उलटी प्रतिमा. मेण स्लरीत, म्हणजे सिरॅमिकच्या पातळ लगद्यात, बुडवायचं, वर सिरॅमिकची वाळू टाकायची, वाळवायचं, परत बुडवायचं, असे सात-आठ-दहा थर, आणि प्रत्येक थर वाळायची खोली ठराविक तापमानाला, ठराविक दमटपणाला. मग वाफेने मेण काढायचं, मागे राहिलेलं कवच, म्हणजे शेल, भाजायचं. मग व्हॅक्यूममध्ये ते शेल १५०० अंशापर्यंत तापवून त्यात धातू ओतायचा आणि खालच्या थंड प्लेटसकट शेल भट्टीबाहेर खाली खेचायचं, मिनिटाला जेमतेम तीन-चार मिलिमीटर. शेलच्या तळाशी पिळाची एक बारीक नळी असते, आम्ही पिगटेल म्हणायचो, खालून उगवलेल्या पुष्कळ ग्रेनपैकी एकच त्या पिळातून वर पोचतो आणि तोच अख्खं ब्लेड होतो. झालं तर. नाही झालं तर स्क्रॅप.

माझ्याकडे एकदा असं झालं, कुठे ते सांगत नाही. दीड वर्ष व्यवस्थित चाललेला एक भाग अचानक बिघडला. ब्लेड ॲसिडमध्ये बुडवून एच केलं की एकसारखं राखाडी दिसायला पाहिजे, पण खालच्या प्लॅटफॉर्मच्या, म्हणजे ब्लेडच्या बुडाशी असते त्या आडव्या पट्टीच्या, कोपऱ्यावर नखाएवढा वेगळ्या चमकेचा डाग. म्हणजे परका ग्रेन. तिरपं करून उजेडात धरलं की डोळा मारल्यासारखा चमकायचा. दहातली सहा ब्लेडं गेली. धातू तपासला, बरोबर. खेचायचा वेग, बरोबर. तापमानाचे ग्राफ मागच्या वर्षीच्या ग्राफवर ठेवले तर रेघेवर रेघ. पाच आठवडे आम्ही झोपलो नाही म्हटलं तरी चालेल. शेवटी भट्टीवरचा एक जुना ऑपरेटर म्हणाला, साहेब, बॅफल बघा. बॅफल म्हणजे भट्टीचा गरम भाग आणि खालचा थंड भाग यांच्यामधली पडद्यासारखी चकती. तिची आतली कड झिजून काही मिलिमीटर मोठी झाली होती, तेवढ्या फटीतून उष्णता खाली झिरपत होती आणि प्लॅटफॉर्मचा बाहेर आलेला कोपरा मुख्य ब्लेडच्या आधी गोठत होता. चकती बदलली, डाग गेला. ती झीज कुठल्याही ड्रॉइंगमध्ये नव्हती आणि कुठल्याही प्रोसेस शीटमध्ये नव्हती. त्या माणसाला कशी कळली, तर त्याने म्हणे खिडकीतून आतला उजेड जरा जास्त पिवळा पाहिला होता. त्यानंतर चकतीची कड दर ठराविक ओतांनंतर मोजायची हे आमच्या शीटमध्ये आलं. अशा शंभर गोष्टी मिळून एक ब्लेड होतं, आणि असं एक ब्लेड म्हणजे इंजिन नव्हे, ती नुसती एक वस्तू झाली.

आता चीनकडे. हे सगळं डोक्यात ठेवून त्यांचा इतिहास वाचला की मला त्यांची कीव नाही येत, उलट जवळचे वाटतात, कारण त्यांच्या अडचणी आमच्याच फाउंड्रीतल्या होत्या, फक्त देशाच्या आकाराच्या.

सुरुवात सोव्हिएत मदतीने झाली. शेन्यांगच्या कारखान्यात, ज्याला आजही लोक ४१० म्हणतात, १९५६ मध्ये वोपेन-५ तयार झालं. ते सोव्हिएत व्हीके-१एफ, आणि त्याचं मूळ रोल्स-रॉइसचं नीन, जे ब्रिटनने दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएतांना विकलं होतं. वोपेन म्हणजे टर्बोजेट, सगळी हवा ज्वलनकक्षातून नेणारं जुन्या पद्धतीचं इंजिन, आणि वोशान म्हणजे टर्बोफॅन, पुढे पंखा असलेलं आणि थोडी हवा बाजूने नेणारं, चिनी इंजिनांच्या नावातलं डब्ल्यूपी आणि डब्ल्यूएस ते हेच. तोपर्यंत ठीक होतं, कारण सोव्हिएत माणसं शेजारी उभी राहून दाखवत होती. १९६० मध्ये दोन्ही देशांचं बिनसलं आणि सोव्हिएत तज्ज्ञ परत गेले. पुढे मिग-२१ च्या इंजिनाचं परवान्याने काम करायचं ठरलं, तेव्हा कागदपत्रं अर्धवट हातात आणि विचारायला कोणी नाही. तरीही त्यातून त्यांनी वोपेन-७ उभं केलं, आणि ते सोपं नव्हतं.

याच काळातली एक गोष्ट मला फार आवडते. शी चांगशू नावाचे धातुशास्त्रज्ञ होते, अमेरिकेतून पीएचडी करून परत गेलेले. साठच्या दशकात त्यांच्यापुढे काम आलं की हवेने थंड होणारं पोकळ ओतीव ब्लेड बनवायचं. अमेरिकेने असं काही केलंय एवढंच माहीत होतं, कसं ते नाही. त्यांनी शंभरएक लोक एकत्र केले, संशोधन संस्था, डिझाइनवाले, कारखाना, सगळे एकाच छपराखाली, आणि साठच्या दशकाच्या मध्यावर नऊ बारीक भोकं आरपार असलेलं ब्लेड ओतून दाखवलं. त्या ब्लेडमुळे वोपेन-७ च्या सुधारित इंजिनात तापमान वाढवता आलं आणि ते जे-८ विमानात गेलं. म्हणजे चिनी लोकांना नवीन काही जमत नाही, नुसती नक्कल करतात, हे जे आपल्याकडे सर्रास बोलतात ते खरं नाही, एवढ्यावरूनच समजून घे.

पण पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. सत्तरच्या दशकात ह्या ब्लेडचं उत्पादन शेन्यांगमधून गुइझोऊला हलवलं, कारण त्या काळी युद्धाच्या भीतीने कारखाने आतल्या डोंगराळ प्रांतांत नेत होते. ड्रॉइंग तेच, धातू तोच, आणि चांगल्या ब्लेडचं प्रमाण कोसळलं. शी चांगशूंना स्वतः माणसं घेऊन तिकडे जाऊन राहावं लागलं, एकेक पायरी परत बसवावी लागली, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. ज्यांनी ते ब्लेड शोधलं त्यांच्याच देशात, त्यांच्याच भाषेत, कारखाना बदलला तर हात परत बसवायला लागला. मग परदेशी इंजिन उघडून नक्कल करणं किती अवघड असेल याचा विचार कर.

त्यात माओची सांस्कृतिक क्रांती आली. इंजिनिअर शेतावर, प्राध्यापक घरी, चाचणीच्या मशिनी धूळ खात. १९६४ मध्ये सुरू झालेलं वोशान-६ हे त्यांचं स्वतःचं टर्बोफॅन, ते ज्या विमानासाठी होतं ते विमानच रद्द झालं, मग दुसऱ्यासाठी धरलं, तेही गेलं, आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला इंजिनच बंद केलं. हा त्यांचा जुना रोग होता, इंजिन नेहमी विमानाच्या शेपटीला बांधलेलं. आता विमान पाच-सात-दहा वर्षांत होतं आणि इंजिनाला त्याच्या दुप्पट लागतात, त्यामुळे विमान रद्द झालं की इंजिन रद्द, माणसं पांगली, पुढच्या वेळी परत शून्यापासून. एक अख्खी पिढी अशी गेली ज्यांनी आयुष्यभर इंजिनं बनवली पण त्यांच्या स्वतःच्या डिझाइनचं एकही इंजिन विमानात बसून सैन्यात गेलं नाही. ओतकामात काम केलेल्या माणसाला हे वाचून गलबलतं.

आता तुझा मुख्य प्रश्न, नक्कल का नाही जमली. याला सगळ्यात चांगलं उदाहरण स्पे आहे. १९७५ च्या डिसेंबरमध्ये चीनने रोल्स-रॉइसशी करार केला, स्पे इंजिन परवान्याने शिआनमध्ये बनवायचं. म्हणजे चोरी नाही, उघडून मोजमापं नाही, ड्रॉइंग, प्रक्रिया, प्रशिक्षण सगळं रीतसर विकत घेतलं. काही इंजिनं जुळवली, १९७९-८० मध्ये ब्रिटनमध्ये नेऊन चाचण्या केल्या, पास झाली. आणि मग? संपूर्ण चिनी धातूंनी, चिनी भागांनी बनलेलं स्पे, म्हणजे वोशान-९ छिनलिंग, पक्कं व्हायला २००३ उजाडलं. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं! मधल्या काळात जेएच-७ विमानासाठी ब्रिटनची जुनी स्पे इंजिनंही आणावी लागली. कारण ड्रॉइंगवर लिहिलेलं असतं अमुक मिश्रधातू, अमुक प्रत, पण तो मिश्रधातू तेवढ्या शुद्धतेचा तुझ्या देशातल्या पोलाद कारखान्याला करता यायला लागतो, फोर्जिंग करणाऱ्याला त्याची सवय लागते, बेअरिंगवाल्याला, सीलवाल्याला, आणि ही साखळी परवान्याच्या करारात मिळत नाही. साखळीतली एक कडी कच्ची राहिली की बाकीच्या सगळ्यांना थांबून राहावं लागतं.

(त्यांची इंजिनांची नावं बहुतेक डोंगरांवरून असतात, कुनलुन, छिनलिंग, ताईहांग, एमेई. मला ते आवडतं.)

ताईहांग म्हणजे वोशान-१०. हीच सगळ्यात लांब आणि सगळ्यात शिकवणारी कहाणी. १९८२ मध्ये चीनने अमेरिकेकडून सीएफएम-५६ ची दोन इंजिनं घेतली, ती प्रवासी विमानात वापरतात. पण त्यांचा गाभा, म्हणजे मधला कॉम्प्रेसर-ज्वलनकक्ष-टर्बाइनचा भाग, जनरल इलेक्ट्रिकच्या एफ-१०१ मधून आलेला, जे बी-१ बॉम्बरला होतं, आणि एफ-१६ वर बसलेलं एफ-११० हेही त्याच गाभ्याचं. ताईहांगचा गाभा तिथूनच प्रेरणा घेऊन झाला असं बहुतेक जाणकार मानतात. म्हणजे नमुना हातात होता. काम १९८०च्या दशकात सुरू झालं, १९८९ मध्ये तिआनआनमेन चौकात आंदोलकांवर गोळीबार झाल्यानंतर पाश्चात्त्य देशांनी शस्त्रबंदी घातली आणि ती मदत आटली, मग नव्वदच्या दशकात रशियाने सुखोई-२७ दिलं आणि त्याबरोबर एएल-३१ इंजिन. जे-१० विमान २३ मार्च १९९८ ला उडालं ते रशियन इंजिनावर. ताईहांगचं प्रमाणीकरण झालं २००५ च्या सुमाराला. आणि एवढं होऊनसुद्धा सुरुवातीच्या जे-११बी विमानांत त्याने बराच त्रास दिला, त्यामुळे रशियन इंजिनांच्या ऑर्डरी चालूच राहिल्या.

इथे एक गोष्ट लक्षात ठेव. जे-११ ला दोन इंजिनं असतात, जे-१० ला एक. दोन असली की एक बंद पडलं तरी वैमानिक घरी येतो. म्हणून चिनी वायुदलाने ताईहांग आधी दोन इंजिनांच्या विमानात घातलं आणि एका इंजिनाच्या जे-१० मध्ये आणखी दहा-एक वर्षं रशियनच ठेवलं. २०१९-२० च्या आसपास जे-१०सी ताईहांगवर येऊ लागली, आणि माझ्या मते चीनचं इंजिन खरोखर जमलं त्याची तारीख ती आहे, प्रमाणीकरणाची नाही. वैमानिकाच्या अंगाखाली ते एकच इंजिन ठेवायला वायुदल तयार झालं, याच्यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र नसतं. पाकिस्तानने २०२२ मध्ये घेतलेली जे-१०सीई चिनी इंजिनावर उडतात, आणि त्यांच्याकडचीच जेएफ-१७ मात्र अजून रशियन आरडी-९३ वर, दोन्ही एकाच वायुदलात. शेजारी म्हणून आपल्याला हे माहीत असायला पाहिजे.

मग मधल्या काळात बदललं काय? माझ्या समजुतीप्रमाणे तीन-चार गोष्टी एकदम झाल्या. एक म्हणजे धातू. बीजिंगच्या एरोनॉटिकल मटेरियल्स संस्थेने डीडी-६ नावाचा दुसऱ्या पिढीचा एकस्फटिक मिश्रधातू पक्का केला, त्यात रेनियम साधारण २ टक्के, त्याच पिढीच्या पाश्चात्त्य मिश्रधातूंत ३ च्या आसपास असतं. रेनियम हे फार दुर्मिळ प्रकरण आहे, तांबं आणि मॉलिब्डेनम काढताना हाताला लागतं, जगभरात वर्षाला पन्नास-साठ टन मिळत असेल नसेल. कमी रेनियममध्ये काम भागवणं ही नुसती काटकसर नाही, त्यामागे कित्येक वर्षांच्या क्रीप चाचण्या असतात, एकेक नमुना भार टांगून हजारो तास भट्टीत ठेवायचा आणि किती लांबला ते बघत बसायचं. ती चाचणी पैशाने लवकर संपत नाही. हजार तास म्हणजे हजार तास.

दुसरं म्हणजे उंचीवरची चाचणी. जमिनीवर इंजिन चालवलं म्हणजे काही सिद्ध होत नाही, १५ किलोमीटरवर हवा विरळ, थंडी उणे पन्नासच्या खाली, तिथे ज्वाला विझते का, कॉम्प्रेसर उचकी खातो का हे बघायला जमिनीवर तशी हवा तयार करावी लागते. सिचुआनमधल्या जिआंगयोऊला असं केंद्र उभारायला त्यांनी साठच्या दशकात सुरुवात केली आणि ते पूर्ण व्हायला नव्वदचं दशक उजाडलं. आपल्या कावेरीला, म्हणजे भारताच्या स्वतःच्या फायटर इंजिनाला, उंचीच्या चाचणीसाठी रशियात न्यावं लागलं होतं, २०१० मध्ये तिकडच्या इल्युशिन-७६ विमानाखाली लावून उडवलं. म्हणजे प्रत्येक बदलासाठी इंजिन पेटीत घालून परदेशी, तारीख मागायची, थांबायचं. दहा वेळा मोडून दहा वेळा दुरुस्त करायची गोष्ट वर्षातून एकदा करायला मिळाली तर हात कसा बसणार? कावेरीबद्दल लोक बेंगळुरूच्या त्या माणसांना नावं ठेवतात तेव्हा मला वाईट वाटतं, त्यांना ना चीनइतका पैसा मिळाला ना तेवढी इंजिनं जाळून बघायला मिळाली.

तिसरं, २८ ऑगस्ट २०१६ ला त्यांनी इंजिनांची स्वतंत्र सरकारी कंपनी काढली, विमान बनवणाऱ्या कंपनीपासून वेगळी. ५० अब्ज युआन भांडवल, ९६ हजारांच्या आसपास माणसं. आकडे मोठे आहेत पण मुद्दा आकड्यांचा नाही, इंजिन विमानाच्या शेपटीपासून सोडवलं, हा आहे. आता विमान रद्द झालं तरी इंजिनाची माणसं जागेवर राहतात.

डिस्क, कोटिंग, बेअरिंग, डिजिटल नियंत्रण यावर मी फार लिहीत नाही, कारण ते माझं काम नाही, फक्त डिस्कबद्दल, म्हणजे ज्या चाकावर ब्लेडं बसवतात त्याबद्दल, एक सांगतो. ब्लेड तुटलं तर बहुतेक वेळा केसिंग त्याला आत अडवते, पण डिस्क फुटली तर तिला अडवणारं काही नसतं, तुकडे विमान फाडून बाहेर जातात. म्हणून डिस्क धातूची पावडर करून, ती दाबून घडवतात, आणि त्या पावडरमध्ये सिरॅमिकचा एक कण, केसाच्या जाडीचा, चुकून राहिला तरी तिथून भेग सुरू होऊ शकते. टनभर पावडरमध्ये तसा कण नाही याची खात्री रोज देता आली पाहिजे. एकदा नाही, रोज.

चोरीबद्दल विचारलं नाहीस पण कोणीतरी विचारणारच. चोरीचे प्रयत्न झालेत, त्यात लपवण्यासारखं काही नाही. शू यानजुन नावाच्या चिनी गुप्तहेर अधिकाऱ्याला २०१८ मध्ये बेल्जियममध्ये पकडून अमेरिकेत नेलं, जनरल इलेक्ट्रिकच्या कंपोझिट फॅनचं तंत्र मिळवायचा प्रयत्न केला म्हणून २०२१ मध्ये तो दोषी ठरला आणि पुढच्या वर्षी वीस वर्षांची शिक्षा झाली. युक्रेनची मोटर सिच ही इंजिन कंपनी चिनी गुंतवणूकदारांनी घ्यायचा प्रयत्न केला, तो २०२१ मध्ये युक्रेन सरकारने अडवला. पण बघ, त्यांना काय हवं होतं? मोटर सिचमध्ये त्यांना हवी होती ती ड्रॉइंगपेक्षाही तिथली माणसं आणि चालू भट्ट्या. फाइल चोरून वर्ष-दोन वर्षं वाचत असतील, कुठल्या रस्त्याने जाऊ नये ते कळत असेल, पण माझ्या त्या बॅफलची झीज कुठल्या फाइलमध्ये होती?

आता आज ते कुठे आहेत. जे-२० हे स्टेल्थ विमान ११ जानेवारी २०११ ला पहिल्यांदा उडालं, सुरुवातीला रशियन इंजिनावर, आणि २०२१ च्या झुहाईच्या विमान प्रदर्शनात ते ताईहांगच्या सुधारित इंजिनावर जगासमोर आलं. त्याचं खरं ठरवलेलं इंजिन वोशान-१५ एमेई, ते लावलेलं जे-२० चाचणीत उडताना २०२३ मध्ये दिसलं. मोठ्या वाय-२० मालवाहू विमानाला आधी रशियन डी-३०, आता वोशान-२०. जे काम वोपेन-५ पासून सुरू झालं ते इथपर्यंत यायला साठ-पासष्ट वर्षं.

पण थ्रस्टच्या आकड्यावरून इंजिन ओळखू नकोस, तो आकडा सगळे देश मोठ्याने सांगतात. दोन ओव्हरहॉलच्या, म्हणजे इंजिन पूर्ण उघडून करायच्या दुरुस्तीच्या, मध्ये किती तास, हा आकडा विचार. आपल्या सुखोई-३० चं एएल-३१एफपी, जी विमानं आपल्या नाशिकजवळ ओझरला जुळवली गेली आणि इंजिनं ओडिशात कोरापूटला, त्याचं ओव्हरहॉल १००० तासांना आणि एकूण आयुष्य २००० तास. पाश्चात्त्य इंजिनं याच्या पुष्कळ पुढे आहेत. समज एका देशाकडे ५०० फायटर आहेत आणि इंजिनाचं आयुष्य निम्मं आहे, तर तेवढंच उडायला त्याला दुप्पट इंजिनं ओतावी लागतील, दुप्पट भट्ट्या, दुप्पट रेनियम, दुप्पट ओव्हरहॉलची माणसं. चीन नेमका या बाबतीत किती पुढे आला ते ते सांगत नाहीत आणि बाहेरून फोटो बघून कळत नाही. जे-२० च्या फोटोत नोझलच्या, म्हणजे इंजिनाच्या मागच्या तोंडाच्या, पाकळ्या दातेरी असतील तर इंजिन चिनी, एवढं कळतं, त्या नोझलच्या पुढे आत बसलेली पहिल्या ओळीची ब्लेडं किती तासांनी काढून टाकतात ते नाही.

आणि तू या क्षेत्रात यायचं म्हणतोस तर ये, माणसं फार कमी आहेत. एरो घे, मेटलर्जी घे, मी मेटलर्जीच सांगीन पण ते माझं वेड आहे. फक्त शेवटच्या सेमिस्टरआधी कुठल्यातरी इन्व्हेस्टमेंट कास्टिंगच्या, म्हणजे वर सांगितलं तसं मेणावरून साचा करणाऱ्या, फाउंड्रीत दोन महिने काढ, मिळाली तर व्हॅक्यूमची, नाही तर साधी स्टीलची चालेल. तिथे गेलास की तयार मालाच्या रॅककडे नेतील, ते बघून घे, मग म्हण मला स्क्रॅपचा रॅक दाखवा. एकेक तुकडा हातात घे आणि तिथल्या सगळ्यात जुन्या माणसाला विचार, काका, हा का काढला? वही बरोबर ने.